परळ, दादर की माटुंगा

पहाटेचे तीन दहा. नेव्हीनगरच्या टोकाला
आमच्या इमारतीत एसी माणसांसाठी नाही, यंत्रांसाठी लावतात,
म्हणून मी शाल पांघरून बसते.
गणित चालू आहे. परवापासून.

दोन तारे, विझलेले, सूर्याहून जड,
एकमेकांभोवती फिरत फिरत एक झाले
तेव्हा मुंबईचा काळा दगडसुद्धा
वितळून वर आला नव्हता.
हादरा पोचला गेल्या वर्षी.
दीड मिनिट. आधी घुमत, मग चढत,
शेवटी शिट्टी होऊन तुटला.
चार किलोमीटरच्या नळीत
प्रोटॉनच्या हजाराव्या भागाहून कमी थरथर,
आणि एवढ्यावरून मी सांगायचं
की ते आतून कसे होते.

वजन विचारा, लगेच सांगते.
दोघांचं मिळून, एका ठरावीक हिशेबानं,
तिसऱ्या दशांशापर्यंत.
वेगवेगळं विचारलं की मात्र
भाड्यात कोण किती घालतो म्हटल्यावर
दोन भाऊ जसे एकमेकांकडे बघतात, तसं होतं.

आकाराचं खरं अवघड आहे.
माझ्या या खुर्चीत केंद्र ठेवलं
तर ताऱ्याचा काठ सरळ रेषेत कुठे येईल?
द्रव्य मऊ असेल तर दबून बसेल: परळ.
ताठ असेल तर वजन पेलून उभं राहील: माटुंगा.
सध्या माझं उत्तर दादर आहे.

ससून डॉकवर बर्फाच्या लाद्यांचा हिशेब ठेवणारे
काशिनाथ वैती एकदा चहा पिताना म्हणाले,
चंद्र सगळीकडे तोच,
पण पाणी किती चढेल ते खाडी ठरवते.
भांगाला एक, उधाणाला एक,
आणि प्रत्येक खाडीची कूस निराळी.
मी म्हटलं, हेच.
हेच मी अठ्ठावीस पानांत लिहिलंय.

कारण शेवटी शेवटी ते दोघं
एकमेकांना भरती आणतात.
तिथे समुद्र नाही. आख्खा ताराच लांबट होतो,
त्या लांबण्यात थोडी ऊर्जा खर्ची पडते,
आणि ते किंचित आधीच
एकमेकांत कोसळतात.
ती घाई मी मोजते. तेवढीच.
बाकी सगळा गोंगाट आहे:
दूरच्या रस्त्यावरचा ट्रक, कुठल्या तरी किनाऱ्यावरच्या लाटा,
आरशाच्या स्वतःच्या उबेची कुजबुज.

काल झरीन मॅडमनी कागद उलटा ठेवून विचारलं,
तू आधीच काय मानून चालली होतीस?
आमच्यात पूर्वग्रह असणं गुन्हा नाही,
फक्त तो पहिल्या पानावर लिहावा लागतो.
मी लिहिला होता: दोघं एकाच द्रव्याचे.
ती ओळ काढ, त्या म्हणाल्या, आणि पुन्हा चालव.

काढली.

तीन चाळीसला आकृती उमटली.
कालपर्यंत दादरच्या पुलावर नेमका उभा असलेला डोंगर
आता सपाट, पसरट,
परळच्या अलीकडून माटुंग्याच्या पलीकडे.
म्हणजे दादर ताऱ्यानं सांगितलं नव्हतं.
निम्मं मीच सांगितलं होतं,
आणि त्यानं मान हलवली
असं मला वाटलं.

एक झाल्यावर पुढे काय झालं, तेही माहीत नाही.
क्षणभर एक भला मोठा तारा राहिला,
की लगेच काळोखानं गिळलं?
त्या पट्टीत आमचे कान अजून बहिरे आहेत.
वैतींना हे सांगायची मला लाज वाटत नाही,
मॅडमना सांगायची थोडी वाटते.

उजाडताना डॉकवर गेले.
ओहोटी. धक्क्याच्या दगडावर ओलसर रेघ,
रात्री पाणी कुठवर आलं होतं त्याची.
किती वाजता आलं होतं? मी विचारलं.
वैतींनी रेघेवर तळहात ठेवला, मग बोटं फाकवली.
इथं, म्हणाले.
निदान वीतभर वर-खाली धर.

मी मोबाइल काढून
वीतभर लिहून घेतलं.